पापड-शेवया करून मुलींची विक्री थांबते का?

माळरान
नमस्कार मंडळी. प्रश्न जरा विचित्र आहे, पण इथे बँकवाले, वकील, गावातले, गाव सोडलेले सगळेच आहेत म्हणून विचारते.

आमच्याकडे (बीड जिल्हा, यापेक्षा जास्त पत्ता विचारू नका) बायकांचा शेवया, कुरडया आणि काळा मसाला करायचा गट आहे. त्यांची लिहिण्यावाचण्याची कामं मी बघते. शेवयाचं मोठं मशीन घ्यायचंय, त्यासाठी एका संस्थेकडे अर्ज करतोय. अर्जात एक रकाना असा: 'आपल्या उद्योगामुळे महिला व मुलींची तस्करी आणि शोषण रोखण्यास कशी मदत होईल? ५०० शब्दांत लिहा.'

मी बैठकीत वाचून दाखवलं. अध्यक्षबाई म्हणाल्या, "लिही की, शेवया करतो म्हणून पोरी विकत नाही." सगळ्याजणी हसल्या. मीही हसले, पण घरी आल्यावर पेन चालेना.

'आर्थिक सक्षमीकरण' छापाची वाक्यं मी झोपेतही लिहीन. पण खरंच काही थांबतं का? सीझनला एका बाईला महिन्याचे दोन-तीन हजार सुटतात, पावसाळ्यात तेही नाही. आणि ऊसतोडीचा मुकादम एका कोयत्याला (नवरा-बायकोच्या जोडीला) लाखभर उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देतो. कुठे बसतं गणित? ज्यांनी जवळून पाहिलंय त्यांनी लिहा. गोड लिहू नका.

घाटावरचा
पहिला! वाचतोय.

चकली_मोडली
ताई, रकाना भरा आणि मोकळ्या व्हा. 'सर्वांगीण', 'शाश्वत' आणि 'तळागाळातील' हे तीन शब्द आले की वाचणारा खाली सही करतो. मी सात वर्षं असल्या अर्जांच्या गठ्ठ्यात बसले आहे.

निवृत्त_रोखपाल
चकलीबाईंशी असहमत. प्रश्न चांगला आहे आणि उत्तरही आहे, फक्त ते शेवयांत नाही. ते गटाच्या वहीत आहे.

नाबार्डने १९९२ साली बचत गट बँकेला जोडायचा प्रयोग सुरू केला तेव्हा मी ग्रामीण शाखेत होतो. आम्ही नाकं मुरडली होती. दहा-पंधरा बायका, महिन्याला वीस-वीस रुपये, आणि त्यांना तारण न घेता कर्ज द्यायचं! पण वह्या बघायला लागल्यावर एक गोष्ट लक्षात आली. बँकेचं कर्ज त्यांच्या दृष्टीने दुय्यम होतं. खरी उलाढाल अंतर्गत कर्जाची. आठशे रुपये, बाळंतपण. पाचशे, दवाखाना. बाराशे, शाळेचा ड्रेस व पुस्तके. (कारणाचा रकाना असा असायचा, अजून आठवतो.)

या पाचशे-हजारांसाठी पूर्वी बाई कोणाच्या दारात जात होती याचा विचार करा. सावकार, किराणावाला, मुकादम. त्या दारात पैसे मिळायचे, पण ते फिटेपर्यंत घरातलं कोणीतरी कामाला यायचं. रात्री आठ वाजता ताप चढलेल्या पोरासाठी पाचशे रुपये कोण देतं, यावर त्या घराचं पुढचं वर्ष ठरतं. उद्योग चालो न चालो, बचत चालू ठेवा.

अर्धा_कोयता
मी ऊसतोड्याचा मुलगा. शिकलो, आता पुण्यात नोकरीला आहे. ताईंनी लाखाची उचल आणि दोन हजाराचा गट असा हिशोब मांडलाय. तो कागदावर बरोबर आहे, पण उचल कशी वाढते ते आधी बघा.

उचल एकदम घेत नाहीत. जून-जुलैत बियाण्याला थोडी. नागपंचमीला थोडी. कोणी आजारी पडलं की थोडी. पोळा, गौरी-गणपती. दसऱ्यानंतर गाडी निघते तोवर मुकादमाच्या वहीत तो आकडा होतो. मग उसाच्या फडात पहाटे चारला सुरू. नवरा तोडतो, बाई पाचट काढून मोळ्या बांधते, डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढवते. एक दिवस बाई उठली नाही तर खाडा, आणि खाडा दोघांचा, कारण अर्धा कोयता कुठलाच मुकादम धरत नाही. (आयडीचा अर्थ विचारणाऱ्यांसाठी.) खाड्याचे पैसे वरून कापतात. पट्टा पडल्यावर (सीझन संपल्यावर) हिशोब होतो तेव्हा बाकी निघतेच. ती पुढल्या सालावर. पुढल्या साली त्याच मुकादमाकडे जावं लागतं, तो म्हणेल त्या कारखान्याला, तो म्हणेल त्या दराने.

पाळी आली की खाडा पडतो म्हणून गर्भपिशवी काढून टाकलेल्या बायका आमच्या वस्तीवर घरटी आहेत. २०१९ ला पेपरात आलं, चौकशी समिती आली, बाकीच्यांना धक्का बसला. आम्हाला नाही बसला.

आता गट. माझी आई गटात होती. गटाने आमची उचल बंद केली नाही, खोटं कशाला बोलू. पण बियाण्याचे पैसे आई गटातून उचलायची, दवाखान्याचेही. त्यामुळे मुकादमाकडची उचल लहान राहिली. लहान उचल फिटते. मोठी कधीच फिटत नाही. आमची दोन सीझनमध्ये फिटली आणि तिसऱ्या साली आई गेली नाही, मी दहावीला होतो. चुलत्यांची फिटली नाही. त्यांची पोरगी चौदाची असताना लग्न लावलं. कारण कोपीवर (फडाजवळच्या झोपडीत) एकटी ठेवायची भीती, गावाकडे ठेवायला म्हातारी नाही, आणि लग्न झालं की नवा कोयता, नवी उचल.

याला तुम्ही तस्करी म्हणा, नका म्हणू. आमच्यात त्याला लग्न म्हणतात.

घाटावरचा
@अर्धा_कोयता, _/\_. लहान उचल फिटते, हे एकच वाक्य अर्जात घाला.

उलटतपासणी
कायद्याच्या बाजूने थोडं. बरेच जण समजतात की तस्करी म्हणजे पैसे मोजून कोठ्यावर विकणं. भारतीय न्याय संहितेच्या कलम १४३ मध्ये (पूर्वी भा.दं.वि. ३७०) शोषणासाठी फसवून, आमिष दाखवून, धाक घालून माणसाला नेणं, ठेवून घेणं, ताब्यात घेणं, हे सगळं येतं. पीडित व्यक्ती 'मी राजीखुशीने गेले' म्हणाली तरी फरक पडत नाही. शोषणात गुलामगिरी आणि वेठही मोडते.

वेठबिगार निर्मूलन कायदा तर १९७६ चा आहे. आगाऊ रक्कम दिली आणि त्या बदल्यात दुसरीकडे काम करायचं, गाव सोडायचं किंवा बाजारभावाने मजुरी मागायचं स्वातंत्र्य गेलं, तर ती वेठबिगारी. १९८२ च्या एशियाड मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालय आणखी पुढे गेलं: किमान वेतनापेक्षा कमी पैशात काम करून घेणं हेच सक्तीचं काम.

तेव्हा माळरानताई, तुमच्या तालुक्यात हे नाही असं समजून लिहू नका. आहे, फक्त गुन्हा नोंदत नाही कोणी.

सावंतीण
सगळे बचत गटाची आरती ओवाळताय तर मला दुसरी बाजू लिहू द्या. 'गट' हा शब्द ऐकला की आमच्या वाडीतल्या बायका दार लावून घेतात.

कंपनीचा गट असतो तो. फायनान्स कंपनी येते, आधार कार्ड घेते, पाच-दहा जणींना एकत्र बसवते, प्रत्येकीला तीस-चाळीस हजार. दर सोमवारी सकाळी हप्ता. एकीने चुकवला तर बाकीच्यांनी भरायचा. वसुलीवाला पोरगा विशी-बाविशीचा, गुळगुळीत बोलणारा. तो ओटीवर बसून राहतो, म्हणतो "सगळ्यांचे झाल्याशिवाय उठणार नाही, ताई." तो आवाज चढवत नाही. शिव्या शेजारणीच घालतात, कारण त्यांचं दुपारचं काम खोळंबलेलं असतं. एक जण सोमवारचा हप्ता भरायला रविवारी सावकाराकडे जायची. तिची मुलगी आता कुठे आहे ते विचारू नका. 'पार्लरच्या कामाला' म्हणून सांगतात.

म्हणजे गटानेच ढकललं ना तिला?

निवृत्त_रोखपाल
@सावंतीण, तुमचा मुद्दा शंभर टक्के मान्य. म्हणूनच मी वहीचं म्हणालो. बचत गटात पैसा बायकांचा स्वतःचा, व्याज फिरून त्यांच्याच पेटीत. कोणाला किती, कधी फेडायचं, हे बैठकीत ठरतं. अडचण आली तर हप्ता पुढे ढकलता येतो. कंपनीच्या गटात पैसा बाहेरचा, नफा बाहेर, आणि जामीन मात्र शेजारीण. नाव एक, वस्तू दोन.

सावंतीण
काका, ते तुम्हाला कळतं. बाईला सही करताना कोण सांगतं?

चकली_मोडली
अवांतर: आमच्या सोसायटीने 'ग्रामीण भगिनींना हातभार' म्हणून मोठ्या उत्साहात लोणचं मागवलं होतं. इतकं खारट की सगळ्यांच्या फ्रिजमध्ये तीच बरणी, मागच्या बाजूला, अजून. उदारपणे एकदा घेतात हो लोक. दुसऱ्यांदा चवीलाच घेतात.

घाटावरचा
हाहा! पण मुद्दा बरोबर. महालक्ष्मी सरस किंवा भीमथडी अशा बचत गटांच्या प्रदर्शनाला जाऊन बघा, ठेचा आणि मांडे यांच्यासमोर रांग, आणि कापडी पिशव्यांच्या स्टॉलवर बाई फोन बघत बसलेली. सगळ्यांनी पापड-लोणची-पिशव्याच का करायच्या?

तिसरा_मजला
पापडाला नावं ठेवू नका. लिज्जत ही सहकारी संस्था पापडावरच उभी राहिली. १९५९, गिरगाव, सात बायका, ८० रुपये उसने. आज जगभर जातो पापड.

उलटतपासणी
किंचित दुरुस्ती: लिज्जत ही सहकार कायद्याखाली नोंदलेली सहकारी संस्था नाही. श्री महिला गृह उद्योग ही संस्था नोंदणी कायद्याखाली आहे. चालते सहकारासारखी.

तिसरा_मजला
उलटतपासणी साहेब, तुमच्या घरी पापड भाजतानासुद्धा कलम सांगता का? :)

असो. महत्त्वाचं ते तसंच आहे. लाटणारी प्रत्येक बाई भगिनी, म्हणजे मालकीण. माझी मावशी लाटायची. सकाळी केंद्रावरून पीठ आणायचं, घरी लाटून वाळवायचं, दुसऱ्या दिवशी पापड देऊन वणाई (लाटण्याची मजुरी) घ्यायची आणि नवं पीठ उचलायचं. तिला घरचे बाहेर पाठवत नसत, पण पापड घालायला जायला कोणाची ना नसे. ती अर्ध्या तासाची रांग हीच तिची घराबाहेरची दुनिया. काकांनी हात उगारला तेव्हा कुठे जायचं हे तिला त्या रांगेतल्या बायकांनी सांगितलं.

लालबागची_नात
रांगेवरून आठवलं. आजी खानावळवाली होती. गिरणीतले एकटे गडी, दोन वेळचा डबा, महिन्याने पैसे. वाणी उधारीवर माल द्यायचा, त्याच्या मर्जीचा आणि त्याच्या भावाचा. मंगळसूत्र सावकाराकडे जायचं-यायचं. प्रेमाताई पुरवांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि या बायकांना राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज मिळवून दिलं. आजी सांगायची, बँकेत पहिल्यांदा गेलो तेव्हा चपला बाहेर काढल्या होत्या.

पुढे ८२ च्या संपात गिऱ्हाईकच गावाला गेलं. उद्योग बुडाला म्हणा. पण बायका एकमेकींना ओळखत होत्या, म्हणून पुन्हा काहीतरी उभं करता आलं. ज्या घरात आई एकटी होती तिथल्या मुलींचं त्या वर्षांत काय झालं, यावर आजी बोलायची नाही.

हुगळीकाठ
उशिरा आलो. कामानिमित्त बरीच वर्षं कोलकात्यात आहे. या विषयावर एक उदाहरण सगळ्यात थेट आहे आणि अजून कोणी काढलं नाही: सोनागाछी या इथल्या वेश्यावस्तीतली उषा सहकारी संस्था.

सोनागाछीत नव्याने आणलेल्या मुलीला 'छुकरी' म्हणत. तिला घेताना मालकिणीने दलालाला जे दिलं ते मुलीच्या नावावर कर्ज. ते फिटेपर्यंत तिच्या हातात पैसा नाही. पुढे सुटली तरी आजारपण, पोरं, घरभाडं यासाठी वस्तीतल्याच सावकाराकडे जायचं, आणि व्याज वर्षाला मुद्दलाच्या कित्येक पट. बँक खातं उघडत नव्हती, कारण पत्ता काय लिहायचा, नवऱ्याचं नाव काय लिहायचं.

१९९५ मध्ये तिथल्या बायकांनीच पतसंस्था काढायचं ठरवलं. डॉ. स्मरजित जाना तिथे आरोग्य प्रकल्पावर होते, त्यांची मदत होती. सुरुवात १३ जणींची. सहकार खात्याने अडवलं, सभासद चांगल्या चारित्र्याची हवी अशी अट होती. गृहिणी म्हणून नोंदवा, पटकन होईल, असा सल्ला मिळाला. बायका नाही म्हणाल्या. आम्ही जे करतो तेच लिहा. शेवटी सरकारला अट बाजूला ठेवावी लागली.

आता सभासद हजारांत आहेत. संस्थेचे लोक घरोघर फिरून रोजची बचत गोळा करतात. सावकाराचा धंदा बसला. आणि एक गोष्ट बाहेरच्यांना सुचणार नाही: उषाचं पासबुक हा अनेकींच्या आयुष्यातला पहिला कागद, ज्यावर त्यांचं नाव आणि पत्ता होता.

शंकासुर
पण ही तर धंदा चालू ठेवायची सोय झाली. धंदाच बंद करा ना. पतपेढी काढून शोषण कसं थांबतं?

हुगळीकाठ
@शंकासुर, धंदा नैतिक की अनैतिक याचा वेगळा धागा काढा, तिथे येतो. इथला मुद्दा कर्जाचा आहे. मुलीला कडी लावून फार दिवस ठेवता येत नाही, हिशोबाने ठेवता येतं. शिवाय दुर्बार या त्यांच्याच संघटनेने वस्तीत मंडळं नेमली, नवी मुलगी आली की ती वयाने लहान आहे का, जबरीने आणली आहे का ते बघायला. पोलिसांना कळायच्या आधी शेजारच्या खोलीतल्या बाईला कळतं. पण ती बोलणार कधी? मालकिणीचं देणं नसेल तेव्हा.

शंकासुर
तरी पटलं नाही. पण सावकाराचा मुद्दा धरतो.

माझी मूळ शंका वेगळीच आहे. ज्या विकल्या जातात त्या पंधरा-सोळाच्या. गटाची सभासद अठराच्या पुढची. जिच्यावर संकट आहे ती गटात नाहीच. आणि सगळ्यात गरीब बाई तर गटात घेतच नाहीत, ती बचत भरू शकत नाही म्हणून. मग वाचवताय कोणाला?

माळरान
@शंकासुर, हे झोंबलं, कारण आमच्याकडे अगदी असंच आहे. वस्तीच्या टोकाची तीन घरं गटात नाहीत. सहा महिने गावात नसतात, बैठकीला कोण येणार? आणि तिथलीच मुलं फडात जातात.

अर्धा_कोयता
आमच्या आईच्या गटाने सीझनवाल्यांसाठी वेगळा नियम केला होता. जाण्याआधी सहा महिन्यांची बचत एकदम भरायची, किंवा परत आल्यावर. दंड नाही. नियम कोणी वरून दिला नव्हता. सरकारी ताईंनी तर वही बघून आक्षेपच घेतला, नियमित बैठक नाही म्हणून.

सावंतीण
मुलींबद्दल मी एक पाहिलेलं सांगते, वर एवढं वाईट लिहिलं म्हणून.

माहेरच्या गावी आईच्या गटात एक बाई बैठकीत सहज म्हणाली, पोरगी पुढच्या आठवड्यात जाणार, पॅकिंगच्या कंपनीत, राहणं-खाणं फुकट, दहा हजार आगाऊ दिलेत. देणारी ओळखीचीच, सगळे मावशी म्हणत. (दलाल काळा चष्मा लावून येत नाही हो, तो हळदीकुंकवाला येतो.) सचिव होती ती अंगणवाडीताई. ती फक्त म्हणाली, "कंपनीचं नाव सांग, फोन करून बघू." नाव माहीत नव्हतं. दुसरी म्हणाली, "दहा हजार आपण देऊ, ते तिला परत कर आणि पोरीला दिवाळीनंतर पाठव, घाई काय?" पैसे परत गेले. मावशी पुन्हा काही त्या आळीत आली नाही.

पोलीस नाही, भाषण नाही. पेटीत दहा हजार होते म्हणून 'परत कर' म्हणता आलं. नुसता सल्ला दिला असता तर त्या आईने ऐकला नसता, कारण निम्मे खर्च झाले होते.

तिसरा_मजला
बाई, हे आधी का नाही लिहिलंत! अर्ज इथेच पूर्ण झाला.

हुगळीकाठ
परत आल्यावरचंही लिहायला हवं. १९९६ मध्ये मुंबईत छापे घालून शेकडो मुली सोडवल्या, त्यात नेपाळच्या बऱ्याच होत्या. कागदपत्रं नाहीत म्हणून त्यांचं सरकार घ्यायला तयार नव्हतं. शेवटी तिथल्या संस्थांनी त्यांना नेलं. त्यांच्यातल्याच काही जणींनी शक्ती समूह काढला, त्याला २०१३ चा मॅगसेसे मिळाला. त्या मुली घरी गेल्या तरी घराने दार उघडलंच असं नाही. आपल्याकडे सुटलेल्या मुलीला सुधारगृहात शिवणकाम शिकवतात आणि मशीन देऊन गावी सोडतात. तिच्याकडे ब्लाउज शिवायला कोण जाणार? गट असेल आणि त्याने घेतलं, तर वेगळी गोष्ट.

चकली_मोडली
आता मीच फसले या धाग्यात. ताई, 'शाश्वत' नका लिहू. सावंतीणचे दहा हजार लिहा.

माळरान
सगळ्यांचे आभार. काल बैठकीत तुमचे प्रतिसाद वाचून दाखवले. (आयडी ऐकून बायका फार हसल्या. चकली कशी मोडली ते विचारलंय.)

रकान्यात असं लिहिलंय: शेवयांच्या पैशातून दरमहा ठरावीक रक्कम अडचण-पेटीत टाकणार. त्यातून जून ते सप्टेंबर बियाणं, दवाखाना, शाळा यासाठी आधी फडावर जाणाऱ्या घरांना कर्ज. म्हणजे उचल कमी घ्यावी लागेल. सीझनवाल्यांना बचतीत सवलत, ती तीन घरं याच महिन्यात धरणार. गावाबाहेर कामाला जाणाऱ्या मुलीचा ठिकाणा आणि नेणाऱ्याचं नाव बैठकीच्या वहीत. पाचशेऐवजी दोनशे शब्दच झाले.

एकच वाक्य बायकांनी खोडायला लावलं. मी 'मुकादमाच्या पाशातून' असं लिहिलं होतं. अध्यक्षबाई म्हणाल्या, ते काढ, शेड त्याच्या भावाच्या जागेत आहे.

उलटतपासणी
थांबा. शेड म्हणजे जिथे मशीन बसणार तीच? भाडेकरार आहे?

माळरान
तोंडी आहे. महिन्याला पाचशे.

उलटतपासणी
मग अर्ज थांबवा चार दिवस. आधी गटाच्या नावाने लेखी करार करा, नोंदवून घ्या, मुदत जितकी मिळेल तितकी. नाहीतर मशीन तुमचं आणि कुलूप त्यांचं.

अर्धा_कोयता
किंवा ग्रामपंचायतीची जुनी शाळाखोली मागा. ठराव घ्यावा लागेल. ग्रामसभेला सगळ्याजणी एकदम जा, दोघी-तिघी नको.

माळरान
खोली आहे, पत्रे गळतात. ग्रामसभा २६ तारखेला आहे. सांगते काय झालं ते.